बुधवारचा वाडगा

१

गुरुवारी उजाडता उजाडता विल्मटनं माझं दार असं बडवलं, की स्पेनचं आरमारच बंदरात शिरलं असं मला वाटलं. विल्मट ही ट्रेमलेटांच्या घरची स्वयंपाकीण. एरवी ती माझ्या दाराकडे फिरकतसुद्धा नाही, कारण माझी प्रवचनं फार लांबतात असं तिचं जाहीर मत आहे.

"पाद्रीबुवा, चला लवकर. सरसाहेब गेले."

"इतक्या सकाळी कुठे गेले?" मी अर्धवट झोपेत विचारलं.

"वर," विल्मट म्हणाली. "आणि कुत्राही गेला."

मी झगा चढवला आणि तिच्यामागून टेकडी चढलो. खाली बंदरात सर अँब्रोज ट्रेमलेटांची तिन्ही जहाजं धुक्यात उभी होती. शनिवारी ती निघायची होती. आता कोण नेणार होतं त्यांना, देव जाणे.

वरच्या खोलीत पलंगावर सर अँब्रोज पडले होते. पाय पोटाशी ओढलेले, दात आवळलेले. ज्या माणसानं चार वेळा स्पेनच्या तोफांसमोर हसत हसत जहाज नेलं, त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच भीती पाहिली. पलंगाखाली त्यांचा म्हातारा शिकारी कुत्रा ताठ होऊन पडला होता आणि त्याच्या तोंडाशी मातीचा एक वाडगा होता. वाडग्याच्या तळाला मटणाच्या अळणी पाण्याचा थर चिकटला होता, त्यात पांढरी कणी दिसत होती. बंदरातल्या शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. उंदरांसाठी जहाजाजहाजावर ठेवतात तो सोमल.

"वाडग्याला कुणी हात लावू नका," दारातून आवाज आला.

तो जॅस्पर होता, सर अँब्रोजचा धाकटा भाऊ. चार दिवसांपूर्वी परत आलेला. त्यानं बोट उचललं आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या आपल्या वहिनीकडे रोखलं.

"काल संध्याकाळी तिनं तो त्याच्या हातात दिला. मी या डोळ्यांनी पाहिलं."

थॉमसीनबाई वळल्या. चेहरा पांढराफटक, पण डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तो वाडगा माझा होता, भावोजी," त्या म्हणाल्या. "आणि तो मी रिकामा केला होता."

२

नवऱ्याला मारणाऱ्या बायकोला आमच्याकडे फाशी देत नाहीत. तिला खांबाला बांधून जिवंत जाळतात. नवरा म्हणजे घरातला राजा, तेव्हा त्याला मारणं हा राजद्रोह, असं कायदा म्हणतो. तीन वर्षांपूर्वी एक्सेटरला एका लोहाराच्या बायकोला जाळलं, तेव्हा शेवटच्या प्रार्थनेला मला नेलं होतं. वारा उलटा होता. त्याहून जास्त मी सांगणार नाही. थॉमसीनबाईंचं वय सव्वीस होतं आणि त्या सकाळपासून मला तोच वारा आठवत होता.

आता सर अँब्रोजबद्दल खरं ते सांगतो. माणूस शूर होता, दिलदार होता आणि मला अजिबात आवडत नव्हता.

त्याचं कारण मासे. शुक्रवारी आणि शनिवारी मटण खायचं नाही हे आमच्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. बुधवार राणीसरकारनं चौदा वर्षांपूर्वी वर घातला. यात देवाधर्माचं काही नाही. लोक मासे खातील तर कोळी जगतील, कोळी जगतील तर आरमाराला खलाशी मिळतील, एवढंच. सर अँब्रोज आरमाराचे कप्तान आणि वर आमच्या हॅरोकोव्हचे न्यायाधीश, तेव्हा बुधवार म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "बुधवारी मटण खाणारा माझा एक खलाशी खातो," असं ते भर बाजारात ओरडायचे. दोन वर्षांपूर्वी एका बुधवारी माझ्या ताटात मेंढीची तंगडी सापडली. मी पाद्री आहे, पाच पोरांचा बाप आहे, हे काही न बघता त्यांनी ते हाडूक माझ्या गळ्यात बांधून मला तासभर बाजारात उभं केलं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, मी तर माशापायीच बुडालो. अजून पोरं मला बघून बें-बें करतात.

आजाऱ्यांना आणि नाजूक प्रकृतीच्यांना मात्र पाद्रीच्या परवानगीनं मटण चालतं. परवानगी दिली की माझ्या वहीत एक ओळ लिहायची. त्याच आठवड्यात, सोमवारी, थॉमसीनबाई अशी परवानगी घ्यायला आल्या होत्या. कारण बायकांचं होतं आणि कुणाला सांगायचं नाही असं वचन त्यांनी माझ्याकडून घेतलं होतं. शहाण्या वाचकानं ओळखलं असेलच.

आणि जॅस्पर? सोळा वर्षांपूर्वी स्पेनच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, तेव्हा तो धरला गेला. इतकी वर्षं गलबताच्या वल्ह्याला साखळीनं बांधलेला. सर्वांनी त्याला मेला समजून टाकलं होतं. रविवारी तो चर्चच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा सर अँब्रोज ओक्साबोक्शी रडले. जॅस्पर रडला नाही. तो म्हणाला, "दादा, सोळा वर्षांत तू किती स्पॅनिश सरदार पकडलेस रे? एकाच्या बदल्यात मला मागता आलं नाही?"

सगळे हसले. थट्टा आहे असं आम्हाला वाटलं.

३

संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे कॉरोनर लॉरेन्स हॅन्नाफर्ड गुरुवारी दुपारी घोड्यावरून आले. उंच, वाकलेला माणूस. दाढ दुखत होती म्हणून गालात लवंग धरून बोलायचे आणि त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य शिवीसारखं वाटायचं. टिपणं घ्यायला त्यांनी मला बसवलं. गावात दुसरं कुणाचं अक्षर लागत नव्हतं.

पहिला जॅस्पर. त्यानं शपथ घेतली.

"दादाचा पाय रविवारपासून ठणकत होता, तो खोलीतच होता. काल दिवे लागायच्या वेळी मी जिन्यावरून वर येत होतो. खोलीचं दार सताड उघडं. वहिनी पलंगापाशी उभी होती. तिनं वाडगा दिला, त्यानं तोंडाला लावला."

"सगळा प्यायला?"

"घटाघटा. आणि काय खूश झाला! जिन्याखालपर्यंत ऐकू जाईल असं ओरडला, 'वा! आज मटण झकास झालंय, विल्मटला सांग आणखी एक वाडगा पाठव!' मग मी आत गेलो, वहिनी गेली. तासाभरात त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या."

"मग बाईंना बोलावलंत?"

"मला वाटलं पोट बिघडलंय. मीच बसलो उशाशी. तो पहाटे गेला." जॅस्परनं डोळे पुसले. "साहेब, भावाची सेवा करायला मला चारच दिवस मिळाले."

मी लिहीत होतो आणि मला लाज वाटते सांगायला, पण मनातल्या मनात टाळ्या वाजवत होतो. बुधवारी! मटण! ढोंगी लेकाचा! माझ्या गळ्यात हाडूक बांधलं आणि स्वतः घरात वाडगेच्या वाडगे रिचवत होता! तो खुनाचा जबाब होता हे घटकाभर मी विसरूनच गेलो.

मग थॉमसीनबाई आल्या. त्या सरळ उभ्या राहिल्या.

"अळणी पाणी माझ्यासाठी केलं होतं. परवानगी आहे, पाद्रीबुवांना विचारा. मी वाडगा घेऊन वर गेले, त्यांच्याशी बोलत बोलत प्यायले. तेवढ्यात भावोजी आले आणि मी वाडगा तिथेच ठेवून उठले."

"काय बोलत होता?"

त्यांनी नजर वळवली.

"घरच्या नोकरांनी भांडण ऐकलंय, बाई. कॅप्टन कॉलाकॉटचं नाव ऐकलंय."

"ऐकलं असेल," थॉमसीनबाई म्हणाल्या. "कॉलाकॉटला त्यांनी जहाजावरून उतरवलं होतं. त्याला परत घ्या असं मी म्हणत होते. तो चांगला दर्यावर्दी आहे."

"गावात वेगळं बोलतात."

"गावाच्या तोंडाला कोण हात लावणार?"

"मग त्या वाडग्यात सोमल आला कुठून, बाई?" हॅन्नाफर्डनी लवंग दुसऱ्या गालात सरकवली. "तुम्ही प्यायलात तर तुम्ही जिवंत कशा?"

"तेच तुम्ही शोधायचं ना?"

"मी नाही शोधलं, तर सोमवारी पंचांपुढे तुमच्या दिरानं शपथेवर सांगितलेलं राहील आणि तुमचं राहील. आणि तिथून गाडी थेट एक्सेटरला जाते."

बाईंचा हात नकळत पोटावर गेला. हॅन्नाफर्डनी ते पाहिलं, आणि मी त्यांना पाहताना पाहिलं.

४

पियर्स कॉलाकॉट खाली धक्क्यावर सापडला. तिशीतला, लालबुंद, तोंडाळ.

"मी मारलं असतं तर तलवारीनं मारलं असतं," तो म्हणाला. "सोमल म्हणे! मी काय उंदीर मारणारा वाटलो?"

"बुधवारी संध्याकाळी कुठे होतात?"

"खानावळीत. साक्षीला पन्नास माणसं आहेत. त्यातली दहा तरी शुद्धीवर असतील." मग त्याचा आवाज उतरला. "साहेब, त्या बाई निर्दोष आहेत. त्यांच्या मनात माझ्याबद्दल काही असतं, तर मी इथे कुढत बसलो असतो का?"

"याला म्हणतात साक्ष," परत येताना हॅन्नाफर्ड म्हणाले. "बाईंना वाचवायला गेला आणि सरपणावर आणखी एक लाकूड टाकून आला."

शनिवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघरात विल्मटपुढे बसलो. ती मासे साफ करत होती आणि आमच्यासाठी सुरी थांबवणार नव्हती.

"बुधवारी दुपारी सरसाहेबांनी काय खाल्लं?"

"तीन खारे बांगडे. आणि मला चार शिव्या घातल्या, मीठ जास्त झालं म्हणून. म्हणजे तब्येत ठणठणीत होती, पाय सोडून."

"मटणाचं अळणी किती वाडगे केलं होतंत?"

"एक. बाईसाहेबांपुरतं. दुसरं वर काहीच गेलं नाही, ती स्पेनची गोड दारू सोडली तर. धाकट्या मालकांनी येताना भावाला भेट म्हणून आणलेली. कथलाच्या सुरईतून त्यांनीच नेली वर."

"कुठे आहे ती सुरई?"

"ती काय, फळीवर. लख्ख. गुरुवारी सकाळी खाली आले तर धाकटे मालक विहिरीपाशी बसून स्वतः घासत होते. वाळूनं! मी म्हटलं, अहो, वर भाऊ मरून पडलाय आणि तुम्ही भांडी काय घासताय? तर म्हणाले, सोळा वर्षं स्वतःचं स्वतः घासायची सवय." तिनं माशाचं डोकं उडवलं. "बिचारे. अजून घराला रुळले नाहीत. काल ताटावर बसले तेव्हा म्हणाले, विल्मट, शुक्रवार म्हणून मासे ठीक आहे, पण येत्या बुधवारी चांगलं मटण कर. मी म्हटलं, बुधवारी? गळ्यात हाडूक बांधून घ्यायचंय का पाद्रीबुवांसारखं?"

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. घास हातातला ताटात ठेवला आणि उठून गेले."

हॅन्नाफर्डनी गाल दाबून धरला. मला वाटलं दाढ ठणकतेय. मग ते उठले, फळीवरची सुरई घेतली आणि तिच्यात नाक घालून हुंगली.

"नुसती वाळू," ते म्हणाले. "पाद्रीबुवा, या घरात दोन भांडी. एक लगेच धुवायला हवं होतं, ते कुणी धुतलं नाही. दुसरं कुणी सांगितलं नव्हतं, ते घासून लख्ख केलं. तुम्हाला काय वाटतं?"

"सवय," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही.

५

त्याच दुपारी जॅस्पर माझ्या घरी आला. माझी बायको जोन पोरांना घेऊन मागच्या परसात गेली होती. तो खुर्चीवर बसला नाही. भिंतींवरून, छपरावरून नजर फिरवत राहिला.

"घर जुनं झालं, पाद्रीबुवा. छप्पर गळतं का?"

"गळतं थोडं."

"आमचंच ना हे? चर्चची वाडीही आमचीच. दादाला मुलगा नाही, म्हणजे आता मीच बघायला हवं." तो हसला. "बघेन. तुमच्यासारख्या माणसाला मी काही कमी पडू देणार नाही."

मी आभार मानले. पाच पोरांचा बाप आणखी काय करणार?

"एक छोटं काम होतं. दादा रविवारपासून आजारी होता. तुम्ही त्याला मटणाची परवानगी दिली असेलच."

"नाही. त्यांनी मागितली नाही."

"आठवून बघा," तो हळूच म्हणाला. "माणूस विसरतो. सोमवारी चौकशीत सगळ्या गावासमोर येणार, की बुधवारचा कैवारी बुधवारी मटण खात होता. मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा कशाला? तुमच्या वहीत एक ओळ लिहा, रविवारच्या तारखेची. बाईचं जे व्हायचं ते होईलच. त्यानं काही बदलत नाही."

तो गेला. जाताना दारातल्या माझ्या धाकट्या पोरीच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला, आणि का कोण जाणे, मी तिला आत ओढून घेतलं.

मी वही काढली. सोमवारची थॉमसीनबाईंची ओळ सगळ्यात शेवटी होती. तिच्या वर जागा नव्हती, म्हणून खाली लिहायला घेतलं. छपराचा विचार केला. मेलेल्या माणसाचं नाव राखायचं, त्यात पाप ते काय? मी टाक बुडवला आणि लिहिलं, 'सर अँब्रोज ट्रे'. तिथे थांबलो.

का थांबलो ते सरळ सांगतो. माझी सदसद्विवेकबुद्धी वगैरे जागी झाली नव्हती. मला राग आला होता. ज्यानं मला बाजारात मेंढरासारखं उभं केलं त्याचं ढोंग मी झाकायचं? माझ्या हातानं? कळू दे की गावाला! सगळ्यांना कळू दे, सर अँब्रोज बुधवारी काय खात होते ते! मी टाक फेकला आणि वही मिटली. नव्या मालकाला काय सांगायचं ते सोमवारी बघू, असं ठरवलं.

रविवारी प्रवचनात मी क्षमेवर बोललो. थॉमसीनबाई दोन शिपायांच्या मध्ये बसून ऐकत होत्या.

६

सोमवारी ट्रेमलेटांच्या दिवाणखान्यात बारा पंच बसले. सगळे गावचेच, कोळी, लोहार, दोरखंडवाले. बाहेर बैलगाडी उभी होती, एक्सेटरला जायला. तिच्यात गवत टाकलेलं मी येताना पाहिलं.

जॅस्परनं आपला जबाब पुन्हा सांगितला. पंच माना डोलावत होते. एका म्हाताऱ्या कोळ्यानं मात्र नाक खाजवलं.

"पण बुधवारी सरसाहेबांनी मटण खाल्लं? मला नाही पटत."

"माझा भाऊ आजारी होता," जॅस्पर शांतपणे म्हणाला. "पाद्रीबुवांनी परवानगी दिली होती. त्यांची वही मागवा."

"मागवलीय," हॅन्नाफर्ड म्हणाले. "पाद्रीबुवा, द्या इकडे."

मी वही ठेवली. त्यांनी पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"सोमवार. थॉमसीन ट्रेमलेट. गरोदर. बुधवारी एक वाडगा मटणाचं अळणी पिण्यास परवानगी."

दिवाणखान्यात कुणीतरी 'देवा रे' म्हणालं. मी जॅस्परकडे पाहत होतो. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त हळूहळू उतरलं.

"त्याखाली," हॅन्नाफर्ड म्हणाले, "तारीख नाही, परवानगी नाही. नुसतं 'सर अँब्रोज ट्रे'. शाई वेगळी. पाद्रीबुवा, हे कधी लिहिलंत?"

नव्या मालकाचे डोळे माझ्यावर होते. मला छप्पर आठवलं, पोरं आठवली. मग माझी नजर थॉमसीनबाईंवर गेली. त्या माझ्याकडे पाहतच नव्हत्या. खिडकीतून गाडीकडे पाहत होत्या.

"शनिवारी," मी म्हणालो. "जॅस्परसाहेबांनी सांगितलं म्हणून. रविवारची तारीख घाला म्हणाले. परवानगी मी कधीच दिली नव्हती."

एकच गलका झाला. हॅन्नाफर्डनी टेबलावर हात आपटला.

"आता ऐका. गुरुवारी या गृहस्थांनी शपथेवर सांगितलं, की दार सताड उघडं होतं आणि सर अँब्रोज जिन्याखाली ऐकू जाईल असं ओरडले, 'मटण झकास झालंय, आणखी पाठवा.' पंचहो, तुमच्यातल्या किती जणांनी बुधवारी चोरून मटण खाल्लंय?"

कुणी हात वर केला नाही. लोहार छताकडे बघू लागला.

"बरं. खाल्लं असतंत तर दार उघडं ठेवून ओरडला असतात का?"

"वेड लागलंय?" म्हातारा कोळी म्हणाला. "खिडकीसुद्धा लावली असती."

"मग इथला न्यायाधीश ओरडेल? सर अँब्रोज ढोंगी होते असं धरून चाललं, तरी ढोंगी माणूस आधी दाराला कडी घालतो. म्हणजे हे ओरडणं कधी झालंच नाही. ते कुणीतरी रचलं. आणि गेली चौदा वर्षं इथे राहिलेला कुठलाही माणूस, अगदी विल्मटसुद्धा, असं खोटं रचणार नाही, कारण बुधवार आपल्या हाडात मुरलाय. असं खोटं तोच रचेल ज्याला बुधवार हा मंगळवारासारखाच वाटतो. शुक्रवार पोपच्या राज्यातही मासळीचा आहे, तो जॅस्परना ठाऊक होता. बुधवार फक्त आपल्या राणीचा. तो लागू झाला तेव्हा हे दोन वर्षं स्पेनच्या साखळीत होते."

हॅन्नाफर्ड जॅस्परकडे वळले.

"परवाच्या शुक्रवारी विल्मटनं यांना सहज सांगितलं. हे ताटावरून उठले. शनिवारी पाद्रीबुवांकडे गेले. भावाच्या नावाची एवढी काळजी होती, तर गुरुवारी का नव्हती? काळजी भावाची नव्हती, आपल्या जबाबाची होती. आता राहिला सोमल. सर अँब्रोजनी त्या संध्याकाळी एकच गोष्ट घेतली, यांनी नेलेली दारू. त्या सुरईला यांनी सकाळी वाळूनं घासलं. आणि बाईंनी रिकामा करून ठेवलेल्या वाडग्यात उरलेला सोमल टाकून तो सगळ्यांना दिसेल असा ठेवला. कुत्र्यानं तो चाटला. बाई गुन्हेगार असत्या, तर तो वाडगा तिथेच टाकून खोलीतून गेल्या असत्या का?"

"मुलगा नसताना भाऊ मेला तर जमीन यांची," म्हातारा कोळी पुटपुटला.

जॅस्पर हसला. चर्चच्या दारात हसला होता तसाच.

"जमीन," तो म्हणाला. "तुम्हाला जमीनच सुचणार. सोळा वर्षं मी वल्हं मारत होतो. आमच्या गलबतावरून मी एकदा त्याचं जहाज पाहिलं. त्यानं आमचे तीन सरदार धरले आणि सोनं घेऊन सोडून दिले. मी त्याच्या नावानं ओरडलो. त्याला ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल." त्यानं वळून थॉमसीनबाईंच्या पोटाकडे पाहिलं, अगदी शांतपणे. "वहिनी, गरोदर आहेस हे मला सांगायला हवं होतंस."

"का?" बाईंनी विचारलं.

"वाडगा तू प्यायच्या आधी मी वर आलो असतो."

त्याच बैलगाडीत त्याला बसवून नेलं.

७

लोकांनी माझं फार कौतुक केलं. नव्या मालकाला न भिता पाद्री खरं बोलला म्हणे. हॅन्नाफर्डनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "ट्रे लिहून थांबलात. देवानंच टाक धरला तुमचा." त्यांची दाढ त्या दिवशी दुखत नसावी.

संध्याकाळी थॉमसीनबाई चर्चमध्ये आल्या. शिपाई आता बरोबर नव्हते. त्यांनी वही मागितली. मी दिली. त्या अर्धवट नावावर त्यांनी बोट ठेवलं.

"तुम्ही का थांबलात?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. देवाचं नाव घेतलं असतं तर ती बाई जन्मभर माझ्यासाठी प्रार्थना करत राहिली असती. पण एकदा त्या गाडीतलं गवत पाहिलं होतं.

"राग होता मला सरसाहेबांवर," मी म्हणालो. "ते मटण खातात हे गावाला कळावं असं वाटलं. तुमचा विचार माझ्या डोक्यातही नव्हता."

त्यांचं बोट त्या नावावरच राहिलं.

"आणि राग नसता तर?"

"तर पुरं लिहिलं असतं, बाई."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली, अगदी सावकाश, आणि निघून गेल्या.

मे महिन्यात त्यांना मुलगा झाला. आमच्या चर्चची घंटा त्यांच्या दारातून ऐकू येते. पण बाप्तिस्म्याच्या दिवशी त्या बाळाला शालीत गुंडाळून, घोड्यावर बसून, सहा मैलांवरच्या चर्चमध्ये घेऊन गेल्या. माझ्या दारावरूनच रस्ता जातो. जोन विचारत होती, आपल्याकडे का नाही आणलं हो बाळ? मी तिला म्हटलं, आपलं छप्पर गळतं.

छप्पर त्यांनी मागच्याच महिन्यात नवं घालून दिलं होतं.